मागचं इंजिन

कर्जतच्या फलाटावरून गाडी अजून हलली नव्हती, पण अंबूबाईंना राहवेना.

"लेक सासरी निघाली आन् बाप टेसनात न्हाई. काल रातच्याला आमच्या पंगतीत जेवला, आन् सकाळी कुठं गडप झाला?"

शालन सासूच्या शेजारी अंग चोरून बसली होती. हिरवा चुडा भरलेले हात मांडीवर ठेवून ती खाली बघत राहिली. वडील पहाटेच इंजिनाच्या ड्यूटीवर गेले होते. "तुझ्या गाडीवर मिळते का बघतो," एवढंच म्हणाले होते. मिळाली की नाही, तिला ठाऊक नव्हतं.

समोर तिचा नवरा गेनू बसला होता, पिंपरीच्या नव्या कारखान्यात नुकताच लागलेला. लग्नाला दोन दिवस झाले तरी बायकोशी तो एक शब्द बोलला नव्हता. जे सांगायचं ते आईला सांगायचा.

पुढच्या इंजिनानं शिटी दिली. गाडीच्या पार मागच्या टोकाकडून उत्तर आलं. एक लांब शिटी, आणि तिला जोडून एक आखूड, अडखळल्यासारखी.

शालननं मान वर केली. "बाबा आहेत."

"कुठं?"

"मागं. घाट चढायला मागून जादा इंजिन लावतात, आत्याबाई. त्यावर तेच आहेत. त्यांची शिटी मला कळते."

गाडी निघाली. अंबूबाईंच्या पायाशी पाण्याचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला. पाणी नुसतं थरथरलं, थेंबही सांडला नाही.

"मागून नीट रेटून धरलं ना, की झटका बसत नाही," शालन म्हणाली.

डोंगर जवळ आले. उन्हानं पिवळ्या पडलेल्या उतारांवर करवंदीच्या जाळ्या तेवढ्या हिरव्या होत्या. खाली दरी उघडत गेली.

"आई, ती बघ नागफणी," गेनू म्हणाला.

"मला काय दावतोस? म्या येताना बघितली. जिला दावायची तिला दाव की!"

गेनूचे कान लाल झाले. शालननं पदराआड हसू लपवलं आणि नागफणीचा तो सुळका बघून घेतला.

बोगदा आला. अंधारात अंबूबाईंनी खिडकीचे गज घट्ट धरले.

"आन् पुढचं इंजिन दमलं तर?"

"मागचं आहे."

"आन् गाडी मागं घसरली तर?"

"बाबा घसरू देणार नाहीत."

उजेड आल्यावर अंबूबाईंनी गज सोडले. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी पोटच्या पोरीला सोताच ढकलतोय व्हय सासरी? काय वाटत आसंल गं त्याला?"



लोणावळ्याला मागचं इंजिन सोडलं. शालननं खिडकीला गाल टेकून मागं बघितलं. गाडीचं टोक माणसांच्या गर्दीत हरवलं होतं. इथून पुढं सपाटीच होती. तळेगावला उतरायचं, मग बैलगाडीनं निघोजे.

पुढच्या इंजिनानं शिटी दिली. सुटलेल्या इंजिनानं उत्तर द्यायचं काही कारण नसतं. तरी ते आलं. एक लांब, आणि तिला जोडून एक आखूड.

शालननं डोळे पुसले आणि सावरून बसली.

"आता झटका बसेल, आत्याबाई. तांब्या धरा."

झटका बसला. तांब्या कलंडला, पाणी बाकाखाली पसरत गेलं. शालन मागं कोलमडली, पण तिची पाठ फळीवर आपटली नाही.

अंबूबाईंनी तांब्या धरलाच नव्हता. त्यांचा हात शालनच्या पाठीमागं होता.