वेळेसकट

शिवणकारखान्यात मी कितीदा संडासला जाते, ते सुपरवायझर एका वहीत टिपायचे, वेळेसकट, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांपुढे वाचून दाखवायचे. कामावरून काढलं त्या दिवशी त्यांनी ती वही माझ्या अंगावर फेकली. तीच बघून आतड्यांच्या डॉक्टरांना संशय आला. दुर्बिणीतून तपासलं तर आत जखमाच जखमा. औषधांनी मी सावरले आणि त्यांच्याच दवाखान्यात नोंदणीला बसू लागले.

काल सुपरवायझर पोट धरून माझ्या टेबलासमोर उभे. ओळखलं नाही मला.

"दिवसातून किती वेळा जाता?"

"जरा हळू विचारा ना, ताई. लोक ऐकताहेत."

"किती वेळा?" मी आवाज चढवला. "रक्त पडतं का?"

त्यांनी मान खाली घातली. "पडतं. किती वेळा ते मोजलं नाही."

"डॉक्टरांना रोजची नोंद लागते. वेळेसकट."

सहा वर्षं खणात जपलेली वही मी पुढे सरकवली. पहिलंच पान उघडून ते गोरेमोरे झाले. अक्षर त्यांचं, नाव माझं.

"पुढची पानं कोरी आहेत, साहेब. तुम्ही फक्त लिहा. वाचून मी दाखवीन."