मोठी लिफ्ट

रामकिसन सकाळी गेले. नवव्या मजल्यावर, चहाची बशी तोंडाला लावता लावता. डॉक्टर येऊन पाहून गेला. अंत्यविधी गावी, लासूर स्टेशनला करायचा ठरला. त्यांच्या मुलानं, कृष्णानं, बायकोला आणि पोरांना पुढं धाडलं आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

अ‍ॅम्ब्युलन्सवाला सांडू वर आला तो रिकाम्या हातानं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये आडवं बसलं नव्हतं, उभंही बसलं नव्हतं. जिना तर इतका चिंचोळा, की वळणावर एकट्या माणसाचाही खांदा घासतो.

"मोठी लिफ्ट कुठंय?" त्यानं विचारलं.

मोठी लिफ्ट नकाशात होती. तिच्या जागेवर प्रत्येक मजल्याला प्लायवूड ठोकून त्यावर वेरूळच्या लेण्याचं चित्र लावलेलं होतं.

"मग बसवून न्यावं लागंल," सांडू म्हणाला. "हाताची खुर्ची हाय का?"

कृष्णाच्या आईनं, साळूबाईनं, गॅलरीतली खुर्ची आणून पदरानं पुसली. तिघांनी मिळून त्यांना बसवलं. मान कलायला लागली म्हणून कृष्णानं मफलर हनुवटीखालून घेऊन मागं खुर्चीच्या पाठीला बांधला.

तेवढ्यात खालच्या सेल्स ऑफिसमधली श्रेया आली. तिनं सँडल बाहेर काढल्या, हात जोडले.

"सर, ही वेळ नाही बोलायची. पण चारशे तीन बघायला पार्टी आलीय, जालन्याची. खाली हे सगळं दिसलं तर..."

चारशे तीन कृष्णाचाच. एक राहायला आणि एक विकायला, असे दोन फ्लॅट त्यानं इथं घेतले होते. बाकी लोकांनी तर नुसते विकायलाच घेतलेले. संध्याकाळी रस्त्यावरून पाहिलं, तर अख्ख्या टॉवरमध्ये पाच-सहा खिडक्यांत उजेड असायचा. तीन वर्षांत चारशे तीनला गिऱ्हाईक लागलं नव्हतं.

"किती वेळ?" कृष्णानं विचारलं.

"थोडाच, सर. अ‍ॅम्ब्युलन्स मी मागच्या बाजूला लावायला सांगते."

कृष्णानं आईकडं पाहिलं नाही. "ठीक आहे," म्हणाला.

ते थांबले. साळूबाई खुर्चीच्या पायाशी बसली होती. तिला हुंदका फुटला आणि ती मोठ्यानं रडायला लागली.

"आई, हळू. डक्टमधून आवाज खाली जातो."

तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

दुपार व्हायला आली. लासूरहून फोनवर फोन. माणसं जमलीत, कधी निघताय? श्रेया फोन उचलेना. शेवटी कृष्णा उठला. कपाटातून त्यानं वडिलांचा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा काढला आणि त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

"हे कशाला रं, किस्ना?"

"कुणी भेटलं तर. तूही डोळे पूस."

खुर्ची आत सरकवल्यावर लिफ्टमध्ये दोघांपुरती जागा उरली. सांडू जिन्यानं निघाला.

चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दारात पांढऱ्या सफारीतला एक माणूस, त्याची बायको आणि मागं श्रेया. श्रेयाचा चेहरा उतरला.

"अप्पाराव सर, आपण नंतरच्या फेरीला जाऊ."

"मावतो की एक माणूस," अप्पाराव म्हणाले. "तुम्ही बायका या मागून." आणि पोट आत घेऊन ते लिफ्टमध्ये शिरले.

दार लागलं.

"रामराम आजोबा."

कृष्णाची बोटं आईच्या कोपराभोवती आवळली.

"डोळा लागलाय त्यांचा," साळूबाई म्हणाली.

"लागणारच. लई शांत आहे इथं." अप्पाराव तिच्याकडं वळले. "मावशी, एक विचारू? खरं सांगा. इथं काही त्रास वगैरे? आपल्याला काही राहायचं नाही म्हणा, घेऊन ठेवायचंय. पण राहणाऱ्याला विचारलेलं बरं."

समोरच्या आरशात साळूबाईला नवरा दिसत होता. मफलर, काळा चष्मा. बाजाराला निघाल्यासारखा. कोपरावरची बोटं आणखी रुतली.

"नाय," ती म्हणाली. "काय तरास नाय."

अप्पारावांनी समाधानानं मान हलवली.

खाली सांडू अजून पोचला नव्हता. कृष्णा एकटाच खुर्ची ओढायला लागला, तसे अप्पाराव पुढं झाले आणि त्यांनी दुसऱ्या बाजूनं खुर्ची उचलली.

"वजन आहे हो आजोबांना," ते हसून म्हणाले. मागच्या दारापर्यंत त्यांनी हात दिला, मग कपाळाचा घाम पुसला. "चला आजोबा. आराम करा."

अ‍ॅम्ब्युलन्स भिंतीला लागून, जनरेटरच्या आडोशाला उभी होती. सांडू धापा टाकत आला. त्यानं आणि कृष्णानं मफलर सोडला, रामकिसनना उचलून स्ट्रेचरवर आडवं केलं. पाठ टेकली, पण गुडघे वरच राहिले. इतका वेळ बसून पाय तसेच ताठले होते. चादर टाकली तर ती गुडघ्यांवर तंबूसारखी उभी राहिली.

"असं न्यायचं व्हय गावात?" सांडू म्हणाला. "दाबा जरा तिकडून."

कृष्णानं एका गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून भार टाकला.

"हळू रं," साळूबाई म्हणाली. "दुखंल त्यांला."

कृष्णाचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं, एक हात काढून फोन कानाला लावला. दुसरा हात बापाच्या गुडघ्यावर तसाच दाबून धरलेला होता.

"हां, श्रेया मॅडम, बोला ना," तो म्हणाला. "नाही नाही, मोकळाच आहे."