मामांचे दोन कोट

"मामांनी ओळखलं, तर हे धूड आल्या पावली परत," वडील मशीनवर कात्री रोखत म्हणाले.

"आणि नाही ओळखलं तर?" मुलाने विचारलं.

"तर मी त्याला रोज सकाळी माझ्या हाताने तेल घालीन."

दुकान बापलेकाचं, सुटांचं. मुलाने आठ दिवसांच्या बोलीवर आणलेलं मशीन हुबेहूब हातशिलाईसारखा टाका घालायचं. वडील एका कोटाला पंधरा दिवस घेत आणि तोवर गिऱ्हाईक कंटाळून तयार कोट विकत घेई. मशीन गेलं तर दुकानही फार दिवस तगणार नाही, हे मुलाला कळून चुकलं होतं. पण चाळीस वर्षं हाताने कोट शिवलेल्या माणसाला हे सांगणार कोण?

म्हणून पैज. एकाच राखाडी कापडाचे, मामांच्याच मापाचे दोन कोट. एकाची कॉलर आणि काठ वडील हाताने शिवणार, दुसऱ्याचे मुलगा मशीनवर. मामा म्हणजे आईचे भाऊ, उभा जन्म कापड बेतण्यात गेलेला. लग्नात नवरदेवाचं अभिनंदन करण्याआधी त्याची कॉलर उलटून बघणारा माणूस.

वडील पडद्याआड बसले. म्हणे, कुणी बघत असलं की माझा टाका बिचकतो. चहाही आतच मागवत आणि कप दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून पीत.

गुरुवारी दुपारी त्यांनी मुलाला बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला बटणं आणायला पिटाळलं. दोन तासांनी तो घामाघूम होऊन परतला, मशीनवर बसला, तर सुई मोडलेली. वरचा तुकडा जागेवर. टोक आणि टोकाजवळचं भोक असलेला खालचा तुकडा गायब. सकाळी आपण जाड कापड रेटून घातलं, तेव्हाच ती दुखावली असणार. त्याने स्वतःलाच चार शिव्या हासडल्या.

मोडक्या सुईचे दोन्ही तुकडे सापडल्याशिवाय शिवण पुढे न्यायची नाही, हा वडिलांचाच नियम. नाहीतर उरलेला तुकडा गिऱ्हाईक शोधतं, तेही पाठीने. मुलगा चुंबक घेऊन जमिनीवर रांगला. एकोणीस टाचण्या निघाल्या, एक हूक आणि आईची केसातली पिन.

"काय शोधतोयस?" पडद्याआडून आवाज आला.

"काही नाही. टाचणी."

"सापडली?"

"नाही."

"मग राहू दे की. फार खोलात जाऊ नये माणसाने."

तसली सुई मागवायची तर चार दिवस. मशीनने आठवड्यातच मान टाकली हे वडिलांना कळलं असतं, तर पैजेआधीच निकाल लागला असता. मुलगा गुपचूप कोट घेऊन माळ्यावर गेला आणि लहानपणी शिकलेले टाके हाताने घालत बसला. बोटांची चाळण झाली.

शुक्रवारी मामा आले. चष्मा पुसून, कोट खिडकीशी नेऊन त्यांनी दोन्ही कॉलरी उलटल्या.

"हा मशीनचा," एकावर टिचकी मारत ते म्हणाले. "टाका न् टाका कवायतीला उभा केलेला. आणि हा हाताचा. इथे डगमगलाय, तिथे रुसलाय. भावोजी, वय झालं तुमचं, पण हात तो हातच."

मुलाने मामांनी हाताचा ठरवलेल्या कोटाची बाही उलटली. आत त्यानेच खुणेसाठी केलेली खडूची फुली होती.

वडील हात पाठीमागे बांधून उभे होते. "चुकलात," ते शांतपणे म्हणाले. "तो पोराचा. मशीन राहू दे."

मुलगा जिंकला खरा, पण बापाची चाळीस वर्षं त्याने थापेवर हरवली होती. त्याला राहवेना.

"बाबा, मामा चुकले नाहीत. हा मी हातानेच शिवलाय. काल मशीनची सुई मोडली."

वडील एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. "सगळं सांगितलंच पाहिजे का?" ते पुटपुटले.

मामांचा चेहरा पडला. "म्हणजे दोन्ही हाताचेच? आणि मी भावोजींच्या हाताला मशीन म्हणालो? छे, छे. डोळ्यांचं सोडा, हातशिलाई अंगावर चढवली की कळते."

त्यांनी वडिलांचा कोट घाईघाईने चढवला, कॉलर मानेशी ओढली आणि "आई गं" म्हणत टुणकन उडी मारली.

मग मानेमागे हात घालून त्यांनी कॉलरमधून काहीतरी उपसून काढलं आणि उजेडात धरलं. अर्धी सुई होती, आणि तिचं भोक टोकाशी होतं.