पांढरी गच्ची

गेल्या उन्हाळ्यात सर्वांत वरच्या खोलीत शिंपीकाका उष्माघाताने गेले, तेव्हा कुठे इमारतीला जाग आली. “उकाडा दरसाल वाढतच जाणार, आपणच हातपाय हलवूया,” म्हणत यंदा सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग दिला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळे शिंपीकाकूंची वरची खोली बघायला आले. भट्टीसारखी तापणारी ती खोली चक्क निवली होती. वर्षभर काकांच्या रिकाम्या खाटेला वारा घालणाऱ्या काकू आज भिंतीला टेकून स्वस्थ बसल्या होत्या. “आई, बघ, किती गार झालंय!” लेक म्हणाली. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोल गं. इतके दिवस नुसते तळमळत होते. आत्ता डोळा लागलाय त्यांचा.” कुणी हसलं नाही. खाटेवरून संथ घोरणं ऐकू येत होतं. सगळे चपला हातात घेऊन, पावलं न वाजवता जिना उतरले.