आईचा आवाज

माया गेल्यावर तिने गायलेल्या भीमगीतांची एकुलती एक कॅसेट सम्यकने कॉम्प्युटरवर उतरवली. "आता कॅसेटचं काय काम, पप्पा? टाकून दिली," म्हणाला आणि कात्रपचं घर सोडून नोकरीला पुण्याला गेला.

पण घरच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर ती फाईल हूं की चूं करेना. दर रविवारी सम्यक फोनवरून नवा उपाय सांगे आणि शिवराम बिचारा तो करून बघे. गाणी वाजवायचे कोडेक प्रोग्राम टाकून झाले, स्पीकरही बदलून झाले.

या रविवारी शेजारची स्वप्नाली कॉम्प्युटरसमोर बसली.

"काका, बाकीची गाणी मस्त वाजतायत. ही फाईलच शून्य केबीची आहे. रिकामी बनवून नुसतं 'आईचा आवाज' नाव दिलंय कोणीतरी."

तेवढ्यात फोन वाजला.

"पप्पा, आज आवाज पूर्ण वाढवून बघितला का तुम्ही?"