मशीन चुकलं असेल

“भाऊजी, एकच वाक्य आहे. पाठ करा,” मेहुण्यानं काळा कोट झटकत सांगितलं. “‘साहेब, मी नेहमीसारखा सावकाशच चाललो होतो.’ हं, म्हणा बघू.”

स्कूल बसच्या ड्रायव्हरनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कोर्टाच्या व्हरांड्यात ही गर्दी. समोरच्या बाकावर बायको तान्ह्या लेकीला थोपटत बसलेली. तिच्यादेखत हे वाक्य? जीभ काही वळेना.

“अहो, साधं वाक्य आहे!” मेहुणा वैतागला. “पुलावरचा वेग मोजणारा कॅमेरा त्या आठवड्यात बिघडला होता. दुरुस्तीवाल्यांचा दाखला माझ्या फायलीत आहे. तुम्ही एवढं म्हटलंत की केस खलास. नाहीतर परवाना गेला समजा. वेगाचा गुन्हा शाबीत झालेल्या माणसाच्या हाती शाळा पोरं देईल का?”

हे काय ड्रायव्हरला कळत नव्हतं? परवाना गेला की बस गेली. आणि बस सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं. पण डोक्याचा पार भुगा झाला होता. दुसऱ्या बसचा ड्रायव्हर कालच सांगून गेला होता, “वकिलाचं ऐकू नकोस. बायको बाळंत होत होती म्हणून पळवली, असं सांग आणि हात जोड. साहेबांनाही पोरंबाळं असतीलच की.” हे ऐकून मेहुणा ताडकन उठला होता. “हात जोडलेत म्हणजे वेग कबूल केलात! साहेब हळहळतील हो. आणि हळहळत हळहळत परवाना काढून घेतील.” दोघांचंही पटत होतं, हीच तर पंचाईत.

खरी गोची मात्र वेगळीच होती. ती वकिलाला सांगावी, तर हा वकील पडला बायकोचा सख्खा भाऊ.

लेक दिवस भरायच्या आधीच आली होती. बायकोला शेजारणीनं दवाखान्यात नेलं. हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलांना घरोघर सोडून, बस शाळेत लावून नुकताच मोकळा झालेला. निरोप मिळाला तसा आपली गाडी काढून निघाला. पोचला तेव्हा लेक पाळण्यात झोपलीही होती. ऑपरेशनच्या कागदावर बायकोनं एकटीनंच सही केली होती. तिनं याच्याकडे एकदा बघितलं.

“आलात सावकाश?” एवढंच म्हणाली.

तिचं तरी काय चुकलं? अख्खी शाळा त्याला गोगलगाय म्हणायची, आणि हा पठ्ठ्या ते नाव कौतुकानं मिरवायचा. त्याला घाई करताना कुणी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायची, पण कामापुरतं. दूध संपलंय. मागच्या खोलीतला दिवा गेलाय. बस्स.

मग दंडाची नोटीस आली. पन्नासच्या रस्त्यावर अठ्ठ्याण्णव! त्याला वेड्यासारखा आनंद झाला. तसाच स्वयंपाकघरात गेला आणि कागद तिच्यापुढे धरला. हे बघ, मी पळवत आलो होतो! तिनं शांतपणे वाचला आणि परत दिला.

“मशीन चुकलं असेल,” ती म्हणाली. “तुम्ही आणि अठ्ठ्याण्णव!”

आणि त्या मेल्या मशीननं तिचीच बाजू घ्यावी? मेहुण्यानं चौकशी केली, तर ते खरंच चुकत होतं. आता तर त्याचं त्यालाच कळेनासं झालं. खरंच पळवली होती का आपण? की नेहमीसारखे चाळीसनं रांगत गेलो? आठवायला बसलं की रस्ता आठवायचाच नाही. तोंडाला पडलेली कोरड तेवढी आठवायची.

पुकारा झाला. मेहुण्यानं दाखला पुढे केला आणि कॅमेऱ्याचे यथास्थित वाभाडे काढले. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि ते ड्रायव्हरकडे वळले.

“तुमचा वेग किती होता?”

मेहुण्यानं डोळ्यांनी खुणावलं. “साहेब, मी नेहमीसारखा...” इथवर वाक्य आलं आणि अडलं. मागच्या बाकावर लेक कुरकुरली. बायको याच्याकडेच बघत होती. सावकाश म्हणावं, तर ती जन्मभर तेच धरून बसणार. जोरात म्हणावं, तर पोटावर पाय. शिवाय त्यातलं खरं काय, ते देव जाणे.

“साहेब, मला नाही सांगता येणार,” तो शेवटी म्हणाला. “मी काटा बघितलाच नाही.”

मेहुण्यानं कपाळावर हात मारून घेतला. न्यायाधीश मात्र गालात हसले. “चालकाला माहीत नाही आणि यंत्राला कळत नाही. मग पुरावा कुठाय?” त्यांनी दंड रद्द करून टाकला.

“वाचलात बुवा!” म्हणत मेहुणा पुढच्या केसला पळाला. ड्रायव्हर कोर्टाच्या पायरीवर नुसता उभा राहिला. परवाना राहिला म्हणून हसावं, की आपण पळवत आल्याचा एकुलता एक पुरावा गेला म्हणून रडावं, त्याला काही उमजेना.

बायको शेजारी येऊन थांबली.

“खरंच बघितला नाहीत?”

“काय?”

“काटा.”

“नाही गं.”

“गाडी दारात बंद उभी असली तरी तुमची नजर काट्यावर असते,” ती म्हणाली. “माझ्याकडेसुद्धा कधी एवढं बघितलं नसेल तुम्ही.”

तिनं लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं,

“इतके घाबरला होतात?”