शंभरातले दोन

“येतो,” असं म्हणून कात्रीसर उठले, पिशवी खांद्याला अडकवली आणि दार ओढून घेत निघून गेले. तिची अजून तिसरीच स्लाइड चालू होती.

या शब्दाचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तीन वर्षं ती त्याच्यावरच पीएच.डी. करत होती. ‘थांब, येतो’ म्हणणारा माणूस येतो आणि दारात उभा राहून ‘येतो’ म्हणणारा जातो. मग बिचाऱ्या संगणकाने ओळखायचं कसं? त्यासाठी तिने मावशीच्या दारात, चपलांच्या कपाटावर, सगळ्यांना सांगूनसवरून वर्षभर रेकॉर्डर ठेवला होता. निघणाऱ्याच्या हातात काय होतं, तो परत आला का, हे मावशी वहीत टिपून ठेवायची. खांद्याला पिशवी, हात दाराला आणि तोंडात ‘येतो’ असे शंभर जण सापडले. त्यातले अठ्ठ्याण्णव सरळ निघून गेले होते. नेमका हाच आकडा आता तिच्या मागे भिंतीवर झळकत होता.

तिने घड्याळ पाहिलं. पाऊण वाजला होता. तिच्या मार्गदर्शक बाई नोकरी सोडून गेल्या होत्या आणि नव्या मार्गदर्शकाचं संमतिपत्र आज एकच्या आत ऑफिसात पोचलं नाही तर तिची नोंदणी रद्द होणार होती. संगणकाला भाषा शिकवू पाहणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांचा हा मेळावा तिच्यासाठी शेवटची संधी होता. या विषयातले सर एकटेच उरले होते. विद्यार्थ्यांचे प्रबंध ते निम्मे करून परत द्यायचे, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे कात्री म्हणत. सकाळी तिने फॉर्म त्यांच्यापुढे धरला, तेव्हा आधी ऐकू, मग बघू, असं म्हणून त्यांनी तो पिशवीत टाकला होता. तीच पिशवी घेऊन ते गेले होते.

उरलेल्या अकरा स्लाइड तिने कशाबशा रेटल्या. समोरचे सात विद्यार्थी आपापल्या बुटांकडे बघत होते. शेवटी टाळ्या पडल्या, पण त्या अंमळ जास्तच जोरात. तिला त्या टाळ्यांचाच राग आला. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. तीन वर्षं पाण्यात गेली, हे मावशीला कोणत्या तोंडाने सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दार उघडलं. सर धापा टाकत आत आले आणि फॉर्म तिच्यासमोर टेबलावर ठेवला. त्यावर सही होती, आणि ऑफिसात पोचल्याच्या शिक्क्याची शाई अजून ओली होती. शिक्का मारणारे गृहस्थ शनिवार म्हणून कपाटाला कुलूप लावून जिना उतरत होते, त्यांना अर्ध्या जिन्यातून परत वर नेलं, असं सर घाम पुसत म्हणाले. पहिल्या दोन स्लाइडमध्येच त्यांचं ठरलं होतं म्हणे.

ती खुर्चीत बसली आणि सगळ्यांसमोर रडता रडता हसायला लागली. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तिचं हसू ओसरल्यावर सरांनी तिला तिसरी स्लाइड परत लावायला सांगितली. चष्मा वर सरकवून त्यांनी तळाची बारीक अक्षरांतली ओळ वाचली.

“‘दोन नोंदी सदोष म्हणून वगळल्या.’ काय दोष होता त्यांचा?”

“एक आमचे काका होते, एक शेजारचे आजोबा,” ती म्हणाली. “‘येतो’ म्हणून गेले आणि खरंच परत आले, सर.”

“मग त्यांना आत घे,” सर म्हणाले. “मी तिसरा.”